दुकानात टॉप मिळत नाहीत का गं?

पोवई नाक्यावर ओळखीच्या काकूंनी मला वरपासून खालपर्यंत बघत हेच विचारलं.

जुन्या कुर्त्याचा आखूड टॉप केलाय. उरलेल्या कापडाची उरेब, म्हणजे तिरकी कापलेली पट्टी काढून गळ्याला लावली. (सरळ पट्टी गोल गळ्याला जन्मात नीट बसायची नाही.)

मी हे सांगेपर्यंत काकूंनी भररस्त्यात टॉपची कड उलटी करून बघितली. "शिवणीत इंचभर जास्तीचं कापड, माया ठेवलीस होय! रेडिमेडला कुठली? इंटरलॉक मारला की झालं."

खरंय. अंग जरा भरलं की तो कपडा बाद, घ्या नवा. पूर्वी पोरींच्या झग्याला चार बोटं दुमड असायची, दरवर्षी थोडी उसवायची.

जाता जाता काकू म्हणाल्या, "माझे दोन ड्रेस घट्ट झालेत. उद्या आणून देऊ?"