तुम्ही विचारलंत म्हणून: दर शुक्रवारची बारा गाणी

"ॲप दर आठवड्याला आपोआप गाणी शोधून देतंय, मग तुम्ही स्वतः बसून ही यादी का करता?" हे मला जवळजवळ प्रत्येक नवीन माणूस विचारतो आणि मी दरवेळी "आवड आहे हो" एवढंच म्हणते. पण गेल्या महिन्यात तिघांनी लागोपाठ विचारलं, म्हणून आता नीट सांगते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, दर शुक्रवारी रात्री मी बारा गाण्यांचं एक मिक्स चाळीसेक लोकांना पाठवते. गाणं मला मनापासून आवडलेलं हवं आणि त्याच्याकडे फारसं कुणाचं लक्ष गेलेलं नको, एवढीच अट. सगळं मिळून ४५ मिनिटं. हा आकडा कॅसेटवरून आलाय, ९० मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू ४५ मिनिटांची असते. दादा माझ्यासाठी कॅसेट भरायचा तेव्हा रेकॉर्डवरून ४५ मिनिटं भरायला पूर्ण ४५ मिनिटं लागायची, म्हणजे त्याने त्यातलं प्रत्येक गाणं माझ्यासाठी एकदा अख्खं ऐकलेलं असायचं. ते मला लहानपणी कळत नव्हतं, नंतर कळलं, आणि तेव्हापासून माझाही नियम तोच आहे, पाठवायच्या आधी पूर्ण मिक्स एकदा सलग, मधे कुठेही पुढे न ढकलता ऐकायचं.

आता ॲपचं. स्पॉटिफाय या गाण्यांच्या ॲपचं डिस्कव्हर वीकली, म्हणजे प्रत्येकासाठी आपोआप बनणारी यादी, २०१५ साली सुरू झालं, दर सोमवारी ३० गाणी मिळतात, आणि मला त्यातून खरंच छान गाणी मिळालीत, त्यामुळे माझी त्याच्याशी काही दुश्मनी नाही. पण ते चालतं कसं ते बघा. लाखो लोकांनी केलेल्या प्लेलिस्टमध्ये कुठली गाणी एकमेकांच्या शेजारी येतात ते मशीन बघतं आणि तुमच्या आवडत्या गाण्यांचे जे शेजारी तुम्ही अजून ऐकलेले नाहीत ते तुमच्यासमोर ठेवतं. गाण्याच्या आवाजाचा अभ्यास वगैरेही करतं, पण मुख्य जोर माणसांच्या याद्यांवर. मग जे गाणं कुणाच्याच यादीत नाही त्याला शेजारीच नाहीत, आणि शेजारी नाहीत म्हणून ते कुणासमोर येत नाही, आणि समोर येत नाही म्हणून कुणाच्या यादीत जात नाही. हे चक्र कुठेतरी एका माणसाने हाताने तोडावं लागतं.

त्यात पैशाचाही भाग आहे. २०२४ पासून स्पॉटिफायवर एखादं गाणं १२ महिन्यांत १००० वेळा वाजलं नाही तर त्या रेकॉर्डिंगची रॉयल्टीच मिळत नाही, आणि एक वेळ मोजायला गाणं निदान ३० सेकंद वाजावं लागतं. माझ्या चाळीस लोकांनी १००० होत नाहीत हे मला कळतं. पण ज्या गाण्याला महिन्याभरात पाच-सहा जणांनी ऐकलं असेल त्याला एका शुक्रवारी चाळीस जणांनी ऐकणं ही मोठी गोष्ट आहे असं मला वाटतं, आणि त्यातल्या दोघांनी जरी ते आपल्या यादीत टाकलं तर त्याला दोन शेजारी मिळाले.

लोकांना वाटतं जे गाजलं नाही ते बेताचंच असणार. असं नसतं हो. अमेरिकन गायिका ग्लोरिया गेनरचं 'आय विल सर्व्हाइव्ह' १९७८ मध्ये आलं तेव्हा रेकॉर्डच्या मागच्या बाजूला होतं, पुढच्या बाजूला कंपनीला जास्त भरवशाचं वाटलेलं दुसरंच गाणं. डीजे लोकांनी रेकॉर्ड उलटी करून वाजवायला सुरुवात केली आणि १९७९ मध्ये ते अमेरिकेत बिलबोर्डच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिल्या नंबरावर गेलं. कुणीतरी उलटून बघितलं म्हणून. मग ज्या रेकॉर्ड कुणी उलटल्याच नाहीत त्यांच्या मागे काय काय पडून असेल, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही.

गाणी शोधते कशी, तर मुख्यतः क्रेडिट्स, म्हणजे गाण्यावर कोणी काय काम केलं त्याची नावं, वाचून. एखाद्या गाण्यात बेस गिटार किंवा व्हायोलिन मनात बसलं की ते कोणी वाजवलंय ते बघायचं आणि मग त्या वादकाने आणखी कुणाकुणाबरोबर वाजवलंय ते शोधत जायचं, गायकाच्या मागे गेलं की तीच वीस गाणी परत परत भेटतात, वादकाच्या किंवा अरेंजरच्या (संगीत संयोजकाच्या) मागे गेलं की भलत्याच गल्लीत पोचतो आणि तिथेच खरी मजा असते. अल्बममधलं शेवटून दुसरं गाणं मी कधी सोडत नाही. मोठ्या नावांचे सुरुवातीचे, कुणी न ऐकलेले अल्बमही बघते. सापडलं की नाव, वर्ष आणि लांबी वहीत लिहून ठेवते, कारण हक्कांचा करार संपला की गाणं ॲपवरून गायब होतं, यादीत नुसती करडी ओळ राहते. लांबी अशासाठी की बऱ्याच कलाकारांनी आपलीच गाणी पुढे परत रेकॉर्ड केलेली असतात, नाव तेच पण आवाज वीस वर्षांनी थकलेला, आणि मिनिटं-सेकंद जुळले नाहीत की समजायचं हे ते नव्हे.

पण सगळ्यात जास्त वेळ जातो तो क्रम लावण्यात. अनोळखी गाणं नुसतं पाठवलं तर माणूस वीस सेकंदांत पुढे जातो, त्यात त्याची चूक नाही, कानाला धरायला काहीतरी लागतं. म्हणून पहिलं गाणं असं घेते की मुखडा लगेच लक्षात राहील, आणि ज्याला वेळ द्यावा लागतो, म्हणजे ज्याचा खरा जीव दुसऱ्या अंतऱ्यात आहे, ते चौथं किंवा पाचवं, तोवर माणूस सैलावून बसलेला असतो. लयीत एकदम उडी नको. हळूहळू विरत जाणाऱ्या गाण्यानंतर थेट आवाजाने सुरू होणारं गाणं ठेवलं की अंगावर काटा येतो, करून बघा. जुन्या रेकॉर्डिंगचा आवाज बारीक असतो आणि नव्वदीच्या शेवटापासूनची बरीच रेकॉर्डिंग्ज शेवटच्या टप्प्यात फार मोठ्या आवाजात तयार केलेली असतात, ती शेजारी आली तर ऐकणारा दचकतो, म्हणून सगळ्यांना सांगते की सेटिंगमध्ये आवाज समान ठेवायचा पर्याय चालू करा. आणि शफल, म्हणजे गाणी उलटसुलट क्रमाने लावणारं बटण, बंद! प्लीज. ते चालू ठेवलं तर माझा गुरुवार वाया.

उत्तरं फार येत नाहीत, आठवड्याला तीन-चार. मला त्याचं वाईट वाटत नाही. एका काकूंनी मिक्स पाठवल्यावर पाच महिन्यांनी मेसेज केला, की त्या दिवशीचं सातवं गाणं त्या रोज सकाळी लावतात आणि आता त्यांच्या नातवाला ते पाठ झालंय. पाच महिने त्या काहीच बोलल्या नव्हत्या. त्या गाण्याच्या गायकाचा तो एकच अल्बम, पुढे त्याने काही केल्याचं मला सापडलं नाही, आणि इकडे एक सहा वर्षांचा मुलगा त्याचा अंतरा म्हणतोय. मी तो मेसेज अजून ठेवलाय.

तर म्हणून करते. आज बुधवार आहे आणि या आठवड्याची अकरा झालीत, नववी जागा रिकामी आहे. आठवं गाणं सतार आणि नुसत्या श्वासावर संपतं, त्याच्यानंतर काय लावावं ते तीन दिवस सुचत नाहीये, बायकी आवाज हवा, वाद्यं कमी, साधारण साडेतीन मिनिटं. तुमच्याकडे असं कुणी न ऐकलेलं काही असेल तर उद्या रात्रीपर्यंत पाठवा.