ईस्टरला टस्कनी? आधी वार सांगा

"ईस्टरची जोडून सुट्टी आहे, गाडी भाड्याने घेऊन इटलीत टस्कनीतली खेडी फिरायचीत. कुठे कुठे जाऊ?" मार्च उजाडला की हा प्रश्न मला येतोच. सोबत यादी असते: सिएना, सान जिमिन्यानो, पिएन्झा, मोन्तेपुल्चानो, मोन्ताल्चिनो, जमलं तर पिसा. चार दिवस आणि तीन मुक्काम. आम्ही दोघं या दिवसांत तीनदा तिकडे गाडी घेऊन गेलो आणि पहिल्या खेपेला आमच्या हातातही हीच यादी होती. म्हणून आता मी यादीकडे बघतच नाही. उलट विचारते, रविवारी दुपारी एक वाजता तुम्ही कुठे असाल? आणि सोमवारी दिवसभर?

लोक गोंधळतात. पण तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, या सुट्टीत गावं नंतर ठरवायची, आधी वार ठरवायचे. चारही दिवसांचा स्वभाव वेगळा आहे.

शुक्रवारपासून सुरू करू. गुड फ्रायडेला इटलीत सार्वजनिक सुट्टी नसते. पोपचा देश, म्हणून सगळं बंद असेल असं आपण गृहीत धरतो, पण दुकानं, बँका, कचेऱ्या रोजच्यासारख्या चालू असतात. मिरवणुका निघतात त्या संध्याकाळी. त्यामुळे गाडी ताब्यात घ्यायला हा दिवस उत्तम. भारतीय परवाना असेल तर निघण्यापूर्वी आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून घ्या, आणि अनामत रकमेसाठी गाडी चालवणाऱ्याच्याच नावाचं क्रेडिट कार्ड ठेवा. ऑटोमॅटिक गाडी हवी असेल तर फार आधी सांगावं लागतं. तिकडे अजूनही गिअरवाल्या गाड्याच जास्त.

शनिवार हा तयारीचा दिवस. पाणी, फळं, पाव, चीज, जे काही लागणार ते शनिवारी घ्यायचं, कारण खेड्यातलं दुकान त्यानंतर उघडतं ते मंगळवारीच. आणि शनिवारीच गाडीची टाकी गळ्यापर्यंत भरायची.

टाकीचं एवढं का, ते सांगते. पहिल्या खेपेला रविवारी संध्याकाळी आमचा काटा तळाला टेकला होता. पंप सापडला, पण माणूस नाही. एक यंत्र उभं होतं, पैसे आधी मागणारं. आमचं कार्ड त्याने नाकारलं. नवऱ्याने वीस युरोची नोट सरकवली, ती परत आली. दुमडलेला कोपरा मांडीवर घासून सरळ केला, पुन्हा सरकवली, आत गेली. मग पंपाचा नंबर दाबायचा होता. तो दाबून मी नळी उचलली. तिच्यावर लिहिलं होतं 'गाझोलिओ'. गॅसोलीन म्हणजे पेट्रोल, इतकी अक्कल मला आहे, म्हणून मी नळी टाकीत घालणारच होते. इतक्यात रस्त्याच्या पलीकडून, सणाचा सूट घातलेले एक आजोबा काठी उगारत ओरडले, "नो, नो, नो!" गाझोलिओ म्हणजे डिझेल. पेट्रोल म्हणजे 'बेन्झिना', आणि त्याची नळी बहुधा हिरवी असते. हे मी आता ओळखीच्या प्रत्येकाला सांगते, विचारलं नाही तरी. यंत्र सुटे पैसे परत देत नाही हेही लक्षात ठेवा. टाकी आधीच भरली तर उरलेल्या रकमेची पावती मिळते आणि ती घेऊन पंपावर माणूस असेल तेव्हा परत यावं लागतं. कोण येतंय? मोटरवेवरचे पंप मात्र दिवसरात्र चालू असतात.

आता रविवार. पास्क्वा, म्हणजे खुद्द ईस्टर. या दिवशी एक वाजता सगळा देश जेवायला बसतो आणि चारपर्यंत उठत नाही. जेवणाची टेबलं आठवडा-दोन आठवडे आधीच गेलेली असतात. आम्हाला हे ठाऊक नव्हतं. तीन गावं पालथी घातली. तिसऱ्या ठिकाणी मालकाने दारातच दोन्ही हात पसरून 'कॉम्प्लेतो', सगळं भरलंय, म्हटलं, त्याच्या पाठीमागून भाजलेल्या मांसाचा आणि रोझमेरीचा वास आला, आणि आम्ही गाडीत बसून बटाट्याचे वेफर्स खाल्ले.

दुसऱ्या खेपेपासून आम्ही उतरतो ती जागाच जेवण देणारी निवडतो. 'आग्रितुरिस्मो' म्हणजे शेतावरचा मुक्काम. चालतं शेत आणि त्याच घरच्या खोल्या. रविवारचं जेवण खोलीबरोबरच सांगून ठेवायचं. मांसाहार करत नसाल तर ते पत्राने आधी कळवा, कारण या दिवशीचा मान कोकराचा असतो. आमच्या यजमानीणबाईंनी नवऱ्यासाठी वेगळी 'पिची' केली होती, हाताने वळलेल्या जाड शेवया, टोमॅटो आणि त्या भागातल्या मोठ्या लसणाच्या रसात. तो तीनदा वाढून घेऊन मोकळा. अगदी कडक शाकाहारी असाल तर चीजचंही विचारा, पेकोरिनोत, म्हणजे तिकडच्या मेंढीच्या दुधाच्या चीजमध्ये, बहुतेकदा जनावराचं रेनेट (दूध घट्ट करायला घालतात तो पदार्थ) असतं. शेवटी स्किआच्याता आली, बडीशेपेसारख्या वासाचा ईस्टरचा गोड पाव. बाईंनी तो कापला नाही, हाताने तोडून प्रत्येकाच्या ताटात ठेवला. अशा दुपारनंतर कोणी गाडी चालवू नये. वाईन घेतली असेल तर कायदाही तेच म्हणतो.

रविवारी सकाळी फ्लोरेन्सला रथाचा स्फोट बघायचाय, असं काही जण म्हणतात. बघण्यासारखाच आहे. पांढऱ्या बैलांनी ओढत आणलेला उंच रथ कॅथेड्रलसमोर उभा करतात, आतल्या वेदीपासून कबुतराच्या आकाराचं रॉकेट तारेवरून सुसाटत येतं आणि रथावरची आतषबाजी पेटवतं. कबुतर नीट पोहोचलं तर पीक चांगलं येतं असं मानतात. पण गाडीने शहरात शिरू नका. ए-१ मोटरवेवरूनच व्हिला कोस्तान्झा नावाच्या वाहनतळात उतरता येतं, तिथे गाडी लावून ट्रामने जा.

शहरात का शिरायचं नाही, तर त्याची किंमत आम्ही मोजली आहे. जुन्या गावांच्या मध्यभागाला 'झोना आ त्राफिको लिमितातो' असतो, म्हणजे परवानगी असलेल्या गाड्यांपुरता भाग. वेशीवर कॅमेरा आणि वर एक पाटी: 'वार्को आत्तीव्हो'. आम्ही वाचलं, 'आत्तीव्हो', चालू, म्हणजे रस्ता चालू. गेलो आत. चुकलो म्हणून त्याच वेशीतून बाहेर पडून पुन्हा आत गेलो. चालू होता तो कॅमेरा. सात महिन्यांनी दोन दंड आले, आणि त्याआधी आमचं नाव-पत्ता पोलिसांना कळवल्याबद्दल गाडीवाल्या कंपनीने आपले वेगळे पैसे कापले ते निराळेच. मुक्काम अशा भागात असेल तर हॉटेलला गाडीचा नंबर आधी द्या, ते नोंदवतात. एरवी गाडी तटबंदीबाहेर लावा: पांढऱ्या रेषा फुकट, निळ्या पैसे भरून, पिवळ्या आपल्यासाठी नाहीत.

राहिला सोमवार, 'पास्क्वेत्ता', धाकटा ईस्टर. ही मात्र सार्वजनिक सुट्टी, आणि तिची रीत म्हणजे घरच्यांना, मित्रांना घेऊन शहराबाहेर पडायचं. इटालियन म्हणच आहे की नाताळ घरच्यांबरोबर, ईस्टर हवा त्याच्याबरोबर. आपण गर्दी नको म्हणून खेड्यात आलेलो असतो, आणि त्या दिवशी गर्दी खेड्यात येते. सिएनाच्या दक्षिणेला व्हाल दोर्चा नावाचं खोरं आहे, तिथल्या ज्या वळणावर सायप्रसच्या झाडांचा फोटो काढायचा असतो, तिथे कडेला गाड्यांची रांग लागते. संध्याकाळी ती सगळी रांग फ्लोरेन्सकडे वळते. म्हणून सोमवारी आम्ही गाडीची किल्ली खोलीतच ठेवतो. पाऊस नसेल तर 'स्त्रादे बियांके', म्हणजे शेतांमधले पांढऱ्या खडीचे रस्ते, पायी चालतो. (या रस्त्यांवर गाडी घालण्याआधी भाड्याचा करार वाचा. टायर आणि गाडीची खालची बाजू बऱ्याच विम्यांत येत नाही.) मागच्या खेपेला अशाच रस्त्यावर एका मोठ्या कुटुंबाने सतरंजीवरून हाक मारली. मुलांनी चॉकलेटचं भलंमोठं अंडं नुकतंच फोडलं होतं आणि आतून निघालेल्या प्लॅस्टिकच्या अंगठीवरून दोघींची जुंपली होती. आमच्या हातात त्या अंड्याचे तळहाताएवढे तुकडे आले.

आणि सूर्यफुलं नसतात हो. ती जूनच्या शेवटी. एप्रिलमध्ये सगळं हिरवं असतं, कोवळ्या गव्हाचं, आणि सकाळी चांगली थंडी वाजते. ईस्टर लवकर आला तर स्वेटर दोन. २०२६ साली तो ५ एप्रिलला येतो, २०२७ साली थेट २८ मार्चला, आणि त्याच पहाटे घड्याळं तासभर पुढे जातात. रविवारचं जेवण एकचं सांगितलं असेल तर हे विसरू नका.

मग गावांचं काय? मुक्काम एकच, व्हाल दोर्चात. तिथल्या सान क्विरिको गावाहून पिएन्झा १० किलोमीटरवर, मोन्तेपुल्चानो आणि मोन्ताल्चिनो अर्ध्या-पाऊण तासावर, सिएना तासाभरावर. शुक्रवारी फ्लोरेन्सहून येताना हातात वेळ असेल तर सिएनापर्यंत वेगवान रस्ता सोडून किआन्ती या द्राक्षमळ्यांच्या भागातला २२२ क्रमांकाचा घ्या, अंतर तेवढंच पण वेळ जवळपास दुप्पट, आणि तो वेळ वाया जात नाही. पिएन्झा शनिवारी सकाळी लवकर. सान जिमिन्यानो या सुट्टीत नकोच, मी तरी जाणार नाही.

पिसा? परतीचं विमान तिथून असेल तर. मंगळवारी, गाडी परत करायच्या आधी.