युनोस रोडस्टर, ईसीयूची नोंद ५: सकाळी रिच, संध्याकाळी लीन

मागच्या नोंदीत लिहिलं होतं की गाडी मेगास्क्वर्टवर (मूळ ईसीयूच्या, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरच्या, जागी मी बसवलेला ईसीयू) सुरू झाली, आता फक्त फ्युएल मॅप, म्हणजे कधी किती पेट्रोल द्यायचं त्याचा तक्ता, नीट करायचा राहिलाय. ते अर्धंच खरं निघालं. त्यानंतरचे तीन आठवडे मी एकाच दुखण्यामागे होतो आणि ते दुखणं मॅपमध्ये नव्हतंच.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. गाडी १९९० ची युनोस रोडस्टर, म्हणजे जपानात विकलेली माझदा एमएक्स-५. इंजिन १५९७ सीसीचं बी६. गाडी इथे इंग्लंडमध्ये, मिल्टन कीन्समध्येच असते. मूळ ईसीयू हवा मोजायचा तो एका झडपेच्या एअरफ्लो मीटरने; हवेच्या ओढीने झडप जितकी उघडेल तितकं पेट्रोल. तो मीटर मी काढला. आता मॅनिफोल्डमधला (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांमधला) दाब, हवेचं तापमान आणि आरपीएम यांवरून ईसीयू हवेचा हिशोब करतो. हे काम करणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवा: १.६ मध्ये फ्युएल पंपाचा स्विच त्या मीटरच्या पोटातच असतो. मीटर काढला की पंपाच्या रिलेला ग्राउंड नव्या ईसीयूकडून द्यावं लागतं. नाहीतर स्टार्टर फिरतोय तोवर पंप चालतो, इंजिन पेटतं आणि किल्ली सोडली की बंद. माझा एक अख्खा शनिवार यात गेला.

टायमिंगचं, म्हणजे स्पार्क नेमका कधी पडतो ते जुळवायचं, काम दीड तासात झालं. सॉफ्टवेअरमध्ये १० अंशांवर लॉक करून टायमिंग लाइट मारला, तर पुलीवरची खूण ६ अंश पुढे दिसली. ऑफसेट बदलून ती १० वर आणली आणि ४००० आरपीएमलाही तिथेच राहते का ते पाहिलं. हे केल्याशिवाय पेट्रोलच्या आकड्यांना हात लावू नका. स्पार्क चुकीच्या जागी पडत असेल तर बाकी सगळं ट्यूनिंग वाया जातं.

आता मुख्य भानगड. रविवारी बायको गाडी चालवते आणि मी शेजारी मांडीवर लॅपटॉप घेऊन बसतो. (एकट्याने दोन्ही करू नका, कितीही मोकळा रस्ता असला तरी.) ए५ रस्त्यावर वीस मिनिटं गाडी सुरेख पळाली, वाइडबँडवर (एक्झॉस्टमधल्या सेन्सरवर) क्रूझला एएफआरचा, म्हणजे हवा-पेट्रोलच्या प्रमाणाचा, आकडा १४.५ च्या आसपास. पेट्रोल भरायला थांबलो, दहा मिनिटांनी निघालो, तर पहिल्याच राउंडअबाउटला मिसिंग. क्लच दाबला की आयडल (थ्रॉटल न देतानाचे आरपीएम) ६०० पर्यंत घसरायचं. "अरे, बंद पडतेय बघ," ती म्हणाली आणि खरंच पडली. लॉगमध्ये त्या क्षणी एएफआर १६.२.

लीन आहे, म्हणजे पेट्रोल कमी पडतंय म्हटल्यावर मी मॅपमधल्या आयडलच्या आसपासच्या खणांमध्ये पेट्रोल वाढवलं, जवळजवळ नऊ टक्के. संध्याकाळी गाडी छान चालली. दुसऱ्या दिवशी सकाळी इंजिन पूर्ण तापल्यावर आयडलला आकडा १३.१, म्हणजे रिच, पेट्रोल जास्त; एक्झॉस्टला पेट्रोलचा वास. म्हणून कमी केलं. संध्याकाळी पुन्हा लीन. आठवडाभर हेच चाललं, आणि दर वेळी मी एक चांगला मॅप थोडा थोडा बिघडवत होतो.

शेवटी मॅप बंद करून नुसता लॉग ओळीओळीने वाचत बसलो. इंजिनाचं तापमान दोन्ही वेळी ८८. दाब तोच, आरपीएम तेच. फरक एकाच रकान्यात होता: हवेचं तापमान सकाळी ३०, आणि पेट्रोल पंपावरून निघताना ६४. बाहेर तेव्हा १७ अंश होते. चालत्या इंजिनात जाणारी हवा ६४ अंशांची असणं शक्यच नव्हतं. सेन्सर मी मॅनिफोल्डच्या ॲल्युमिनियममध्ये बसवला होता, तोही बंद पितळी टोकाचा. गाडी उभी राहिली की तो हवेचं नाही, धातूचं तापमान सांगत होता.

हिशोब करून पाहा. हवेची घनता केल्विनमधल्या तापमानाच्या व्यस्त प्रमाणात असते. ३० अंश म्हणजे ३०३, ६४ म्हणजे ३३७. ३०३ भागिले ३३७ म्हणजे ०.९०. ईसीयूला वाटतंय हवा दहा टक्के विरळ आहे, म्हणून तो पेट्रोल दहा टक्के कमी देतोय. १४.५ ला ०.९० ने भागा, १६.१ येतात. लॉगमधला आकडा १६.२. कागदावर हे जुळलं तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते आणि मला गॅरेजमधून उठवेना.

नवा सेन्सर उघड्या टोकाचा घेतला, ज्यात बारीक मणी जाळीदार प्लास्टिकच्या पिंजऱ्यात थेट हवेत असतो. तो फिल्टरनंतरच्या प्लास्टिकच्या पाइपमध्ये रबरी ग्रोमेट घालून बसवला. मॅनिफोल्डमधलं जुनं भोक बोल्टने बंद केलं. आयडलचे खण तीन आठवड्यांपूर्वीच्या बॅकअपवर परत नेले. बॅकअपच्या फाइलला तारीख घातली होती म्हणून हे जमलं. आता दहा मिनिटं थांबून निघताना ४१ अंश दिसतात आणि पाऊण मिनिटात ते २६ वर येतात. तेवढ्या वेळात एएफआर १५ पर्यंत जातो, पण मिसिंग नाही. उरलेलं एमएटी/सीएलटी (हवेचं तापमान/इंजिनाचं तापमान) करेक्शनच्या टेबलात काढेन. तिथे कमी हवा वाहत असताना सेन्सरवर किती विश्वास ठेवायचा ते ठरवता येतं.

वरच्या टोकाचं चित्र चांगलं आहे. ७००० आरपीएमला दोन फेऱ्यांना १७.१ मिलीसेकंद मिळतात आणि पूर्ण थ्रॉटलला इंजेक्टर (पेट्रोल फवारणारे) साधारण १४.५ मिलीसेकंद उघडे राहतात, एएफआर १२.६. म्हणजे मिळणाऱ्या वेळेच्या ८५ टक्के. मूळ इंजेक्टर या इंजिनाला पुरतात. टर्बोचा विचार असेल तर मोठे घ्यावेच लागतील.

आता थंड स्टार्ट. गेल्या मंगळवारी सकाळी २ अंश होते, चौथ्या प्रयत्नाला सुरू झाली. थंड इंजिन दिवसाला एकदाच मिळतं, त्यामुळे रोज सकाळी एकच आकडा बदलायचा आणि लिहून ठेवायचा असं ठरवलंय. काल क्रँकिंगचा (स्टार्टर फिरतानाचा) पेट्रोलचा पल्स दहा टक्क्यांनी वाढवला, दुसऱ्या प्रयत्नाला पेटली. उद्या फक्त स्टार्टनंतरच्या पहिल्या दहा सेकंदांचं पेट्रोल बदलून बघतो.