जुन्या जीपच्या कमानीचा हँगर नव्याने घडवताना

माझी जीप सीजे-3बी आहे. विलीजने हे मॉडेल 1953 साली काढलं, उंच बोनेटवाली म्हणून लोक ओळखतात ती. चाकांमधलं अंतर अवघं 80 इंच, पुढे-मागे अखंड अ‍ॅक्सल आणि चारही कोपऱ्यांत पाट्यांच्या कमानी, म्हणजे लीफ स्प्रिंग. ह्या गाडीच्या सस्पेन्शनमध्ये लपवण्यासारखं काही नाही. खाली वाकून बघितलं की सगळा हिशेब डोळ्यांसमोर मांडलेला असतो, आणि म्हणूनच मला तिच्याखाली काम करायला मनापासून आवडतं.

आजचा विषय मागच्या उजव्या कमानीच्या पुढच्या टोकाचा हँगर, म्हणजे कमानीचं टोक चासीला (गाडीच्या सांगाड्याला) धरून ठेवणारा आधार. हा तुकडा दिसायला क्षुल्लक, पण गाडीला पुढे ढकलण्याचं काम त्याच्यावर असतं. पाट्यांच्या गाडीत अ‍ॅक्सलला जागेवर धरणारे वेगळे दांडे नसतात. चाकं जमिनीला रेटा देतात, तो रेटा अ‍ॅक्सलमधून मेन पाट्यात जातो आणि पाट्याच्या पुढच्या डोळ्यातून, म्हणजे टोकाच्या गोल वळशातून, ह्या हँगरमार्गे चासीत उतरतो. ब्रेक मारला की तोच जोर उलट दिशेने येतो. मागच्या टोकाची शॅकल, म्हणजे कमान आणि चासी जोडणारी झुलती कडी, नुसती झुलते, ती हा भार घेऊच शकत नाही. त्यामुळे हँगर ढिला असेल तर गाडी गिअर टाकताना ‘ठक्’ करते आणि ब्रेक लावताना एका बाजूला सरकते. माझी दोन्ही करत होती.

पूर्वी कधीतरी कुणीतरी इथे चासीला जाड चौकोनी पट्टी चारही बाजूंनी वेल्ड करून ठेवली होती. पट्टी स्वतः ठणठणीत होती. तडा गेला होता पट्टीच्या कडेला, वेल्डिंग जिथे संपतं त्या रेषेवरच. वायर ब्रशने घासून, पेनिट्रंट (तड्यात शिरणारा लाल रंग) मारून, पुसून वर तो रंग बाहेर ओढणारा पांढरा डेव्हलपर फवारला. थोडा वेळ काहीच दिसलं नाही. मग पांढऱ्यावर एक बारीक लाल रेघ उमटली आणि हळूहळू लांबत गेली, नुसत्या डोळ्यांना जिथे तडा संपल्यासारखा वाटत होता त्याच्या बरंच पुढे. पेनिट्रंट नसतं तर तड्याचं खरं टोक आतच राहिलं असतं.

वेल्डिंगवाले दादा अनुभवी. त्यांनी बघितल्या बघितल्या सांगितलं, “मॅडम, दहा एमएमची पट्टी मारू. हत्ती उभा केला तरी वाकणार नाही.”

“दादा, थोडं वाकायलाच हवं आहे ते,” मी म्हटलं, आणि मग आम्ही दोघं गाडीखाली पडून बराच वेळ बोललो.

सी आकाराच्या पट्ट्यांची ही चासी खड्ड्यात पिळली जाण्यासाठीच बनवलेली आहे. एक चाक वर गेलं की लांबीभर ती थोडी थोडी वळते. सपाट पट्टीची जाडी दुप्पट केली की वाकायला ती आठपट कडक होते, कारण कडकपणा जाडीच्या घनाने वाढतो. म्हणजे मऊ चासीच्या मधोमध एकदम कडक तुकडा बसतो, सगळी पिळवट त्याच्या कडेला येऊन थांबते आणि तिथेच धातू थकतो. त्यात वेल्डिंगच्या आचेने बाजूच्या पट्ट्याची रचनाही बदललेली असते. जुनी पट्टी तुटली नाही म्हणून ती चांगली होती असं नाही. तिने तडा शेजारी ढकलला एवढंच. दादांना हे पटलं, आणि पुढच्या कामात त्यांचा हात माझ्यापेक्षा कितीतरी सरस होता हे इथे नोंदवायलाच हवं.

जुनी पट्टी ग्राइंडरने काढली. तड्याच्या खऱ्या टोकाला 5 मिमीचं भोक पाडलं, म्हणजे तड्याला पुढे सरकायला टोकदार जागाच उरत नाही. तडा व्ही आकारात खोल उघडला, 7018 ह्या नंबरचे सुके वेल्डिंग रॉड वापरून भरला आणि घासून सपाट केला. हे रॉड ओल धरतात आणि ओलीतला हायड्रोजन वेल्डमध्ये गेला की थंड झाल्यावर पुन्हा तडा, म्हणून ते भट्टीतून गरम काढूनच वापरायचे. बॅटरीच्या तारा आधी सोडलेल्या होत्याच.

आधाराची पट्टी आम्ही चासीच्याच जाडीची घेतली, 3 मिमीच्या आसपास. तिची दोन्ही टोकं लांबट, होडीच्या नाळेसारखी निमुळती कापली. वेल्ड फक्त लांब बाजूंना, टोकाला आडवा वेल्ड अजिबात नाही. मधे काही भोकं पाडून ती वेल्डने भरली, म्हणजे प्लग वेल्ड. चासीच्या वरच्या-खालच्या कडांना हात लावला नाही. सगळ्यात जास्त ताण तिथे असतो, आणि त्या कडेला एक छोटं भोक किंवा वेल्डचा एक चुकार ठिपकासुद्धा नव्या तड्याची सुरुवात ठरू शकतो.

नवा हँगर 6 मिमीच्या माइल्ड स्टीलच्या पट्टीतून वाकवला. पट्टी रोल होताना जी दिशा घेते, तिच्या आडवा वाक द्यायचा आणि आतली गोलाई निदान जाडीइतकी ठेवायची, नाहीतर बाहेरच्या कातडीवर केसासारख्या भेगा येतात. डोळ्याचा बोल्ट हँगरच्या दोन्ही कानांत, म्हणजे समोरासमोरच्या पात्यांत, धरलेला, म्हणजे कातरणारा जोर दोन ठिकाणी वाटला जातो. कान पसरू नयेत म्हणून पाठीला त्रिकोणी गसेट, म्हणजे आधाराचा तुकडा, दिली. भोकं आधी लहान ठेवली, वेल्डिंग करताना कानांमध्ये घट्ट ठोकळा धरला आणि सगळं थंड झाल्यावर दोन्ही कान एकाच वेळी रीमरने (भोक नेमक्या मापाचं करणाऱ्या हत्याराने) मापाला आणले. वेल्ड आकसतो आणि कान आत ओढतो. आधीच मापाचं भोक पाडलं तर बोल्ट तिरका जाणार हे ठरलेलं.

हँगर चासीला धरणाऱ्या मूळ रिव्हेटच्या जागी 8.8 ग्रेडचे बोल्ट घातले. पहिल्या 8 चा अर्थ 800 मेगापास्कल ताणाला तुटतो, आणि दुसऱ्या 8 चा अर्थ त्याच्या 0.8 पट, म्हणजे 640 ला, कायमचा ताणला जातो. भोकं रीम करून बोल्ट अगदी घट्ट बसतील असे केले आणि कापल्या जाणाऱ्या जागी आटे न येता गुळगुळीत दांडा येईल एवढ्या लांबीचे निवडले.

घट्ट करण्याआधी ओळंबा सोडून जमिनीवर खुणा केल्या आणि दोन्ही कर्ण मोजले. इतक्या आखूड गाडीत मागचा अ‍ॅक्सल जरासा तिरका राहिला तरी गाडी रस्त्यावर खेकड्यासारखी चालते.

पुढच्या बाजूला मूळच्या यू आकाराच्या, आटेवाल्या शॅकल जाऊन कुणीतरी लांब चपट्या पट्ट्यांच्या बसवल्या होत्या, गाडी उंच दिसावी म्हणून. ह्या जीपच्या पुढच्या शॅकल कमानीच्या पुढच्या टोकाला असतात. त्या लांबवल्या की अ‍ॅक्सल पुढे झुकतो, कॅस्टर (चाक ज्या आसावर वळतं त्याचा मागे झुकलेला कोन) कमी होतो आणि वळणानंतर स्टेअरिंग आपणहून सरळ येत नाही. कॅस्टर मुळात 3 अंशांचाच, त्यातून घालवायला काही नाही. मूळ लांबीच्या नव्या शॅकल कापून बसवल्या. पाटे गरम करून वाकवण्याचा सल्लाही मिळाला होता, तो मी साफ नाकारला. लाल होईपर्यंत तापवलेला पाटा टेंपर, म्हणजे लवून परत मूळ आकारात येण्याचा गुण, गमावतो आणि पुन्हा नीट उष्णता-प्रक्रिया केल्याशिवाय स्प्रिंग राहत नाही.

कमानीच्या डोळ्यांतल्या रबरी बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी करूनच आवळले. जॅकवर आवळले तर रबर लोंबत्या अवस्थेत पकडलं जातं आणि गाडी खाली आली की कायमचं पिळलेलं राहून लवकर फाटतं. कमान अ‍ॅक्सलला आवळणारे यू-बोल्ट नवे घातले, कारण एकदा ताणलेला यू-बोल्ट पुन्हा तेवढा ताण धरेल ह्याची खात्री नसते. थोडं चालवून ते पुन्हा आवळले आणि अपेक्षेप्रमाणे सगळेच थोडे थोडे फिरले. ‘ठक्’ बंद झाला आहे. आता डाव्या बाजूचे रिव्हेट वायर ब्रशने घासून ठेवले आहेत, तिथेही आधी पेनिट्रंट मारून बघते.