सुपरहिरोंचा खेळ कसा निवडला: अमळनेरच्या गच्चीवरून

मे महिन्यात माहेरी अमळनेरला गेले की दुपार कूलरसमोर जाते. खरा दिवस सुरू होतो रात्री नऊनंतर, गच्चीवर पाणी मारून गाद्या टाकल्या की. यंदा भाच्याने पहिल्याच रात्री विचारलं, "फुई, सुपरहिरोवाला खेळू ना आपण?" (आमच्याकडे आत्याला फुई म्हणतात.) मी नाशिकला मैत्रिणींबरोबर टेबलटॉप रोलप्लेइंग गेम (एकत्र बसून, आपापलं पात्र घेऊन, बोलत आणि फासे टाकत गोष्ट पुढे न्यायचा खेळ) खेळते हे त्याला माहीत होतं. पण सुपरहिरोंचा खेळ मी कधी चालवला नव्हता. खेळणारे तीन जण: दहावी झालेला भाचा, आठवीत जाणारी भाची आणि वहिनी. गेम मास्टर, म्हणजे प्रसंग सांगणारी आणि बाकीची पात्रं बोलणारी, मी.

या प्रकारात खेळ भरपूर आहेत. १९८१ सालचा 'चॅम्पियन्स' अजून खेळला जातो, पण त्यात हिरो घडवायलाच इतकी बेरीज-वजाबाकी लागते की वहिनी पहिल्याच रात्री उठून गेली असती. तो बाजूला ठेवला. उरलेल्यांतून तीन काढले आणि ठरवलं की नुसते नियम वाचून निवडायचं नाही, एकच प्रसंग तिन्हींत खेळून बघायचा. प्रसंग इथलाच घेतला: हतनूर धरणाचे ४१ दरवाजे उघडलेत, तापी फुगलीय आणि पुलावर केळीने भरलेली ट्रॅक्टर-ट्रॉली अडकलीय. ट्रॅक्टरवर एक म्हातारे जिभाऊ.

पहिली रात्र 'मार्व्हल मल्टिव्हर्स'ची, २०२३ सालच्या खेळाची. तीन साधे फासे, त्यातला एक वेगळ्या रंगाचा. त्यावर एक पडला की तो सहा धरायचा आणि काहीतरी जबरदस्त घडतं. लुडोचे फासे चालले, एक तेवढा स्केचपेनने रंगवला. ओळखीचे हिरो तयार मिळतात, त्यामुळे दहा मिनिटांत खेळ सुरू. मजा आलीच. पण स्पायडरमॅन तापीच्या पुलावर आला, की तो काय करणार हे सगळ्यांना आधीच माहीत असतं. भाची म्हणाली, "मला माझी हिरो पाहिजे." त्यात तसा हिरो घडवता येतो, पण पोरांचं मन तोवर उडालं होतं.

दुसरा 'म्युटंट्स अँड मास्टरमाइंड्स'. त्याला वीस बाजूंचा फासा लागतो, तो गावात कुठे मिळणार? स्टीलच्या डब्यात १ ते २० अशा चिठ्ठ्या टाकल्या, काढलेली चिठ्ठी दर वेळी परत डब्यात. याचे नियम नेटवर मोफत वाचता येतात, हे त्याचं मोठं बळ. नेहमीच्या हिरोला पॉवर लेव्हल (ताकदीची पातळी) १० आणि १५० पॉइंट मिळतात, त्यांतून ताकद, उडणं, कौशल्यं सगळं विकत घ्यायचं. आमच्या दोन रात्री त्यातच गेल्या. भाचा मात्र रमला. ताकदीची एक रँक, म्हणजे पायरी, वाढली की उचलायचं वजन दुप्पट होतं. शून्य रँकला ५० पौंड, म्हणजे साधारण २३ किलो. आजोबा शेजारच्या खाटेवरून म्हणाले, "म्हणजे केळीचा एक चांगला घड." मग काय! आठ रँकला २५६ घड, नऊला ५१२, दहाला १०२४. ट्रॉलीतला माल, ट्रॉली आणि ट्रॅक्टर धरून नऊ रँक लागतील, असा हिशेब भाच्याने वहीत मांडला. गणितात कच्चा म्हणून ज्याला वर्षभर ऐकावं लागलं, तो पोरगा रात्री साडेअकराला आपणहून दोनाचे घात करत बसला होता. माझ्या लेखी तो खेळ तिथेच पास झाला.

पण वहिनीने डबा खाली ठेवला आणि सांगितलं, "ताई, माले हाई समजनं नही." ती रुसली नव्हती, खरंच सांगत होती. तिघांतल्या एकाला सूर सापडत नसेल तर तो खेळ आपला नाही, या मताची मी आहे.

तिसरा 'मास्क्स', २०१६ सालचा. यात हिरो किशोरवयीन असतात. फासे दोनच: ७ ते ९ आले तर काम होतं पण किंमत मोजून, १० किंवा वर आलं तर नीट होतं. वजन कुणी विचारतच नाही. आपण स्वतःला काय समजतो याचे पाच आकडे असतात: धोका, विचित्र, तारणहार, वरचढ, साधा (मराठी नावं आमची). आणि मोठी माणसं आपल्याला काय म्हणतात त्यावरून ते आकडे हलतात.

भाचीच्या हिरोने ट्रॉली उचलली, फाशांवर आठ आले. किंमत म्हणून तिने 'अपराधी' या खुणेवर फुली मारली, कारण निम्मी केळी नदीत गेली. मी जिभाऊंच्या आवाजात ओरडले, "तुमले कोनी सांगेल व्हतं? घर जा!" नियमाप्रमाणे तिचा तारणहार एकाने खाली, धोका एकाने वर. भाची गप्प झाली. मग म्हणाली, "मी नाही ऐकणार त्यांचं." त्यालाही नियम आहे, मोठ्यांचं म्हणणं नाकारायचा, आणि त्यासाठी फासे टाकावे लागतात. तिने टाकले. वहिनी पुढे सरकून बसली होती. तिची हिरो जिभाऊंशी बोलायला गेली, लढायला नाही, आणि तासभर ती एकटीच खेळ पुढे नेत होती. घरात रोज कमी बोलणारी बाई आहे ती.

मग निवडायला काही उरलंच नाही. पात्रांचे कागद उतरवून स्टेशनजवळच्या झेरॉक्सवाल्याकडून छापून आणले आणि सुट्टीभर 'मास्क्स' खेळलो. भाच्याने अंगापिंडाने दणकट अशा 'बुल'चं पात्र घेतलं. या खेळात वजनाचा उपयोग नाही हे त्याला दोनदा सांगितलं, तरी कागदाच्या कोपऱ्यात त्याने पेनाने लिहून ठेवलंय: १०२४ घड.