सांगलीत कुठाय समुद्र?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितोय. लग्नात विचारता, विजयनगरला कोर्टाबाहेर चहा घेताना विचारता, की वकीलसाहेब सांगलीत बसून जहाजाची वकिली कशी काय, आणि करायचीच तर मुंबईला का जात नाही. आजवर मी एकच उत्तर दिलं, माल इथनं निघतो म्हणून. तासगाव-मिरजेची द्राक्षं न्हावा शेवाला जहाजावर चढतात, रॉटरडॅमला कंटेनर उघडतो, आणि काही बिघडलं की माणूस कागद घेऊन इथल्याच वकिलाकडं येतो. हे खरंच आहे, पण माझं कारण ते नाही.

तेव्हा मी वाटपाचे दावे आणि चेक बाउन्स करायचो. तासगाव तालुक्यातले एक बागायतदार आले, भावकीतल्या दोघांना घेऊन त्यांनी पहिल्यांदा स्वतःच्या नावावर कंटेनर पाठवलेला. तिकडं दार उघडलं तर देठ वाळलेले, मणी सडलेले. लॉगरचा, म्हणजे कंटेनरमधलं तापमान नोंदवणाऱ्या यंत्राचा, कागद होता त्यांच्याकडं, शून्याच्या आसपास राहायला पाहिजे तिथं मधले चार दिवस आठ-नऊ डिग्री. मला केस सोपी वाटली. नोटीस काढली, जहाज कंपनीच्या एजंटचं उत्तर आलं की क्लेम विचाराधीन आहे, परत पत्र, परत तेच उत्तर, आणि मी निवांत, कारण करार मोडला की दाव्याला तीन वर्षं असतात हे लिमिटेशनच्या कायद्यातलं मला पाठ होतं.

सोळाव्या महिन्यात फाईल घेऊन मुंबईच्या एका सीनियरांकडं गेलो. त्यांनी लॉगर बघितलाच नाही. बिल ऑफ लेडिंग, म्हणजे माल जहाजावर घेतल्याची कंपनीची पावती, उलटं केलं, मागची बारीक अक्षरं वाचली आणि विचारलं, डिलिव्हरी कधीची? मी तारीख सांगितली. त्यांनी कागद खाली ठेवला. इथल्या बंदरातून समुद्रानं जाणाऱ्या मालाला 1925 चा वेगळा कायदा, डिलिव्हरीपासून एक वर्षात दावा, कोर्टानं मान्य केलं तर वर जास्तीत जास्त तीन महिने, संपलं. आणि नुसती मुदत जात नाही, वाहतूकदाराची जबाबदारीच उरत नाही.

दुसऱ्या दिवशी बागायतदारांच्या घरी गेलो. बेदाण्याच्या शेडजवळ खुर्ची टाकली, चहा आला. मी म्हणालो, कायदाच तसा आहे. ते म्हणाले, "तुमीच म्हणाला हुता न्हवं, तीन वर्षं हायत?" मी परत म्हणालो, समुद्राचा कायदा वेगळा असतो. त्यांनी काही विचारलं नाही, तरी मी बोलतच राहिलो, एजंटनं झुलवलं, अमुक, तमुक. माझी चूक झाली हे वाक्य त्या दिवशी तोंडातून आलं नाही. ते तिसऱ्या खेपेला आलं, फी परत द्यायला गेलो तेव्हा. त्यांनी पैसे मोजून घेतले. नको म्हणाले असते तर मला जास्त जड गेलं असतं.

आता तुम्ही म्हणाल, जिल्ह्याच्या कोर्टात हा कायदा येतो कधी, तुम्हाला कसं माहीत असणार. मीही बरीच वर्षं हेच म्हणत होतो. पण त्या बिलाच्या पाठीमागे एक वर्षाचं कलम छापलेलं होतं, कागद वर्षाहून जास्त माझ्या कपाटात होता, मी तो उलटा केला नाही. येत नाही, मुंबईला जा, एवढं सांगायला काय झालं होतं मला? दुसरी बाजू पण आहे. माल भरायच्या आधी प्रीकूलिंग, म्हणजे द्राक्षं गार करून घेणं, नीट झालं होतं का, यावर कंपनीनं आम्हाला घाम फोडला असता, वेळेत दावा लावूनही कदाचित हरलो असतो. ही गोष्ट मी स्वतःला कितीतरी वेळा सांगितलीय, आणि नेमकी ती सांगताना माझाच विश्वास बसत नाही.

त्यानंतर मी हाच विषय धरला. बिल ऑफ लेडिंग, कस्टम्स, शेतमाल निर्यात बघणाऱ्या सरकारी अपेडाचे नियम, फवारणीच्या औषधांच्या अंशावरनं युरोपात अडकलेला माल. 2025 ला नवा कायदा आला, शंभर वर्षांचा जुना गेला, एक वर्षाची अट तशीच राहिली. ऑफिसात प्रत्येक फाईलवर मी डिलिव्हरीची तारीख लाल पेननं लिहितो.

मागच्या सीझनला एक पोरगा आला, कंटेनर उशिरा पोचला म्हणून. कागद चोख होते. आडनाव वाचून विचारलं तर म्हणाला, हो, काका आहेत, तेच म्हणाले तुमच्याकडंच जायचं, खाली गाडीत बसलेत. मी त्याची तारीख लिहून घेतली, सगळं समजावून सांगितलं, तासभर गेला असेल. खाली काही मी गेलो नाही.