भोक पडलेली गिटार

गेल्या रविवारी दुपारी, जेवण होऊन डोळा लागण्याच्या बेतात असताना, अमेरिकेत ऑस्टिनला राहणाऱ्या पुतण्याने मोबाईलवर एक छायाचित्र पाठवले आणि खाली लिहिले, ‘काका, काल यांना ऐकून आलो.’ छायाचित्रात कपाळाला लाल रुमाल बांधलेला, दोन वेण्या घातलेला एक वृद्ध गृहस्थ होता. माझे लक्ष मात्र त्याच्या हातातल्या गिटारीकडे गेले. गिटारीला एक गोल भोक असतेच; या गिटारीला त्याच्या शेजारी दुसरे, वेडेवाकडे, झिजून झिजून पडलेले भोक होते. ‘नवी का घेत नाही हा माणूस?’ असे मी मोठ्याने म्हणालो, तेव्हा जिच्या पोळपाटाला मध्यभागी खळगा पडून तीस वर्षे झाली आहेत, त्या माझ्या पत्नीने माझ्याकडे अशा नजरेने पाहिले की पुढचे वाक्य मी गिळले.

तो माणूस म्हणजे अमेरिकी गायक विली नेल्सन. टेक्सासमधल्या ॲबट नावाच्या गावात, कापसाच्या मुलखात, १९३३ मध्ये जन्मलेला. जन्म २९ एप्रिलच्या मध्यरात्रीच्या थोडा आधी झाला आणि नोंद ३० एप्रिलला झाली, म्हणून त्याचे दोन वाढदिवस. शाळेतल्या गुरुजींनी ज्यांना एक जून ही जन्मतारीख बहाल केली, त्या आपल्याकडच्या पिढीला यात नवल वाटण्याचे कारण नाही.

त्या गिटारीची हकीकत मी नंतर शोधून वाचली. आधीच्या गिटारीवर एका दारुड्याचा पाय पडला. ती नॅशव्हिल या अमेरिकी गाण्यांच्या माहेरघरातल्या एका दुरुस्ती करणाऱ्याकडे पाठवली, तर तो म्हणाला की हिच्यात आता राम नाही, पण माझ्याकडे मार्टिन कंपनीची एक गिटार आहे. विलीने ती न पाहताच, ७५० डॉलरला घेतली. हे १९६९ चे. पुढे त्याच्या घराला आग लागली तेव्हा जळत्या घरात शिरून त्याने ही गिटार बाहेर काढली आणि सोबत आणखी एक वस्तू काढली, जिचा उल्लेख तो स्वतः आनंदाने करतो आणि मी करणार नाही. मौजेची गोष्ट अशी की ही गिटार त्याच्या वाजवण्यासाठी घडवलेलीच नाही. ती नायलॉनच्या तारांची, बोटांनी हळुवार छेडायची गिटार. नखी लागून लाकूड झिजू नये म्हणून इतर गिटारींवर जी पातळ पट्टी बसवलेली असते, ती हिच्यावर नाही, कारण हिच्यावर कोणी नखीने प्रहार करील असे बनवणाऱ्याच्या मनातही आले नसेल. विली नेमका तेच करतो. ते दुसरे भोक म्हणजे पन्नास वर्षांहून अधिक काळ एकच वाद्य चुकीच्या पद्धतीने वाजवल्याचे फळ. ऑस्टिनमधला एक कारागीर ते भोक बुजवत नाही, फक्त त्याच्या भोवतालचे लाकूड पुढे फाटणार नाही एवढे सांभाळतो. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत तंबोऱ्याच्या तडकलेल्या भोपळ्यावर हात फिरवत बसलेले कारागीर मी लहानपणी पाहिले आहेत. त्यांना हे काम समजावून सांगावे लागणार नाही.

मिरज म्हटले की माझ्या डोळ्यांसमोर आमचे मामा येतात. मामा लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवीत. तुळशीचे लग्न लागले की त्यांची पत्र्याची पेटी पलंगाखालून बाहेर येई, आणि मग जूनच्या पावसापर्यंत ते घरात पाहुण्यासारखे येत. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी एकदा हट्टाने त्यांच्याबरोबर जतच्या बाजूच्या एका वरातीला गेलो होतो. सकाळपासून मांडवात जिलबीचा वास सुटला होता, मठ्ठ्याचे पातेले माझ्या डोळ्यांसमोरून दोनदा गेले, आणि मामा मात्र निंबाखाली बसून क्लॅरिनेटची पत्ती जिभेवर ओली करत होते. भरल्या पोटी फुंकर लागत नाही, वाजवून झाल्यावरच जेवायचे, हा त्यांचा नियम होता आणि तो त्या दिवशी मलाही लागू झाला. बँडवाल्यांची पंगत सगळ्यात शेवटी, मांडवाच्या मागे बसली. जिलबी संपली होती. मला रडू फुटले तेव्हा मामा आमटीभात कालवत म्हणाले, ‘अरे, वाजवणाऱ्याला आमटी नेहमी दाटच मिळते, तळाची असते ना.’ दाट आमटी मला आजही आवडते आणि तिच्यासाठी मी पंगतीत मुद्दाम मागे राहतो. घरच्यांना हा माझा विक्षिप्तपणा वाटतो.

जेवणाकडे पाहण्याची विलीची तऱ्हाही वाजवणाऱ्याची आहे, फक्त तिची सुरुवात पंगतीऐवजी शेतातून होते. लहानपणी कापूस वेचलेला हा माणूस १९८५ मध्ये, कर्जापायी अमेरिकेतल्या छोट्या शेतकऱ्यांच्या जमिनी लिलावात जात होत्या तेव्हा, नील यंग आणि जॉन मेलनकॅम्प या गायकांना सोबत घेऊन इलिनॉयमधल्या शॅम्पेन या गावी शेतकऱ्यांसाठी गायला उभा राहिला. ‘फार्म एड’ नावाचा तो कार्यक्रम एकदाच करायचा होता; तो अजून चालू आहे, आणि तिथे जमलेल्या लोकांना खायला जे मिळते ते छोट्या शेतकरी कुटुंबांच्या शेतातून आलेले असावे असा आग्रह धरला जातो. याची परतफेड म्हणावी असे काही लवकरच घडले. १९९० मध्ये कर खात्याने सुमारे १ कोटी ६७ लाख डॉलरच्या थकबाकीपोटी त्याच्या मालमत्तेवर टाच आणली. ती गिटार आधीच गुपचूप हलवली गेली होती, पण बाकीच्या वस्तू लिलावात निघाल्या, तेव्हा त्यातल्या काही त्याच्या मित्रांनी आणि चाहत्यांनी विकत घेऊन त्याच्यासाठीच जपून ठेवल्या. चाहता या शब्दाबद्दल माझे मत फारसे बरे नव्हते. हे वाचल्यापासून ते थोडे बदलले आहे.

त्याचे गाणे मी पहिल्यांदा ऐकले तेव्हा हा तालाला कच्चा आहे असेच मला वाटले होते. ठेका पुढे जातो आणि हा शब्द तोंडात घोळवत मागे राहतो; पुढच्या ओळीत ठेक्याच्या आधीच वाक्य उरकून मोकळा होतो; आणि आता हा चुकणार म्हणून आपण श्वास रोखावा, तर बरोबर जागेवर येऊन उभा. समेवर येण्यातली गंमत ज्यांना कळते त्यांना दोनतीन वेळा ऐकल्यावर यातले मर्म कळते. साठच्या दशकातल्या नॅशव्हिलला ते फारसे कळले नाही. त्याने लिहिलेली गाणी पॅट्सी क्लाईनसारख्या इतरांनी गायली आणि ती गाजली, स्वतः त्याचे मात्र बस्तान बसेना. शेवटी तो टेक्सासला परतला, केस वाढवले, आणि १९७२ मध्ये ऑस्टिनच्या आर्माडिलो नावाच्या सभागृहात गायला, जिथे एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारे लांब केसांचे हिप्पी आणि रुंद टोप्यांचे गुराखी शेजारी शेजारी उभे राहून ऐकू लागले.

त्याच्या वादकांच्या ताफ्याचे नाव ‘फॅमिली’ आहे. आईवडील दोघेही सोडून गेल्यावर त्याला आणि त्याची मोठी बहीण बॉबी हिला आजीआजोबांनी वाढवले. लोहारकाम करणाऱ्या आजोबांनी सहाव्या वर्षी नातवाच्या हाती गिटार दिली. पुढे सुमारे पन्नास वर्षे ही बहीण त्याच्या डाव्या-उजव्या हाताला कुठेतरी पियानोवर असायचीच. २०२२ मध्ये ती गेली. आता लूकस आणि मायका ही मुलेही त्याच्याबरोबर मंचावर उभी राहतात. हे सगळे फार गोड वाटते खरे, पण या माणसाने चार लग्ने केली आहेत हे लक्षात घेतले की ज्यांना ताफ्याच्या फिरत्या बसमध्ये जागा नव्हती त्यांचे काय, असाही प्रश्न पडतो. आमच्या मामींना विचारले असते तर त्यांनी उत्तर दिले असते, किंवा नुसताच पदर खोचून त्या आत गेल्या असत्या.

विलीने गिटार झिजवली. मामांच्या बाबतीत उलटे झाले होते. क्लॅरिनेटचा सगळा भार उजव्या अंगठ्यावर येतो, आणि त्यांच्या त्या अंगठ्यावर हरभऱ्याएवढा घट्टा होता. लहानपणी मी तो दाबून पाहत असे. त्यांना तिथे काही जाणवत नसे.

मामा ऐन वैशाखात गेले. त्यांच्या बँडमधला एकहीजण अंत्ययात्रेला येऊ शकला नाही, कारण त्या दिवशी त्यांच्या तीन सुपाऱ्या होत्या आणि लग्न काही पुढे ढकलता येत नाही. रात्री अकराच्या सुमारास ते सगळे आले, गणवेशातच, सोनेरी गोंडे लावलेले लाल कोट घालून, वाद्ये बाहेर टेम्पोत ठेवून. कोणाला काय बोलावे ते कळेना. मामी उठल्या. चूल पेटवायची नव्हती, पण शेजाऱ्यांनी आणून दिलेले पिठले आणि भाकरी झाकून ठेवलेली होती. ‘जेवला नसाल अजून,’ एवढेच त्या म्हणाल्या आणि त्यांनी पाने मांडली. तो ढोलवाला, तो कर्णेवाला, आणि मामांच्या जागी नव्याने आलेला विशीतला मुलगा, सगळे लाल कोटांत ओसरीवर मांडी घालून बसले आणि मान खाली घालून, पोटभर जेवले.